बाळाला सूर्य दाखवताना

तांबड्या सूर्याच्या त्या ग्रहावरही चौथ्या महिन्यात बाळाला सूर्य दाखवायची पद्धत टिकून होती. सुहृद लेकीला घेऊन बाहेर पडला आणि वेधशाळेत त्याच्या बहिणीसमोर, हेमांगीसमोर, अतिनील किरणांचा आलेख एकदम उसळला. नोकरीचा तिचा पहिलाच दिवस. तिने भोंगा वाजवला. वसाहतीची सगळी दारं धडाधड बंद झाली.

“दादा बाहेर आहे, सर! पोचेल ना तो?”

“सूर्यावरचा स्फोट आपल्याला दिसतो, तेव्हा किरण इथे आलेलेच असतात,” वेधशाळेचे प्रमुख खांडेपारकर म्हणाले. “भोंगा बाहेरच्यांसाठी नसतो, पोरी. आतल्यांनी दार उघडू नये म्हणून असतो.”

वेधशाळेच्या दारावर थापा पडल्या. सुहृद बाळाला समजावत होता, “रडू नको गं, आत्या आहे ना आत.”