महिनाअखेरचं गिऱ्हाईक

मोटरसायकलच्या शोरूममध्ये महिनाभर काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. मालकांनी सकाळीच सेल्समनला बजावलं, "आज महिनाअखेर. एक तरी गाडी खपव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." त्यानं ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. मेहुणा तर हसलाच, "भाऊजी, इथे बसचं तिकीट परवडेना!"

शोरूम बंद व्हायच्या वेळी बायकोचा फोन आला. "खपली का हो?"

"खपली. नोकरी वाचली."

"सुटलो बाई! या मंदीत कुणाला सुचलं हो गाडी घ्यायचं?"

"आहे एक अडलेला," म्हणत त्यानं फोन ठेवला आणि कर्जाच्या कागदांवर स्वतःची सही केली.

मालकांनी कागद उचलले, त्याची पाठ थोपटली. "जमलं की नाही? पुढच्या महिन्यात दोन खपव."