चावलेलं नाक

दोघा भावांच्या लहानपणीचा मॉडेल रॉकेटचा संच कंपनीने कधीच बंद केला होता. धाकट्या भावाकडून रॉकेटच्या टोकाचं लाकडी नाक हरवलं होतं. वर्षानुवर्षांचा अबोला सोडून थोरला उद्या रॉकेट उडवायला येणार होता. आधीची दोन नाकं धाकट्याने नाकारल्यावर लाकूडकाम करणारा कातारी तिसरं नाक लेथवर कातून पुढे करत म्हणाला, "बघा, आरशासारखं गुळगुळीत." धाकट्याने कपाळाला हात लावला. "अहो, जुन्यावर दादाच्या दातांचे व्रण होते. लहानपणी रागाने चावला होता. आल्याआल्या तेच शोधेल." "चावलेला माल आमच्याकडून जात नाही, साहेब. शिवाय अस्सल सागवान वापरलंय, नातवंडं खेळतील." दुसऱ्या दिवशी थोरल्याने नाक उलटसुलट निरखलं, दातांत धरलं आणि कडाडून चावा घेतला. लाकडावर ओरखडाही नव्हता; कवळी मात्र दुभंगून हातात आली. बोळक्या तोंडाने तो म्हणाला, "मूळचं मऊ लाकडाचं होतं, गाढवा. चल, दाखव तो कातारी."