पाय लांब करायला

फोनवर धाकटीचा आवाज कापत होता. "दादा, बाबांनी तुझ्यासाठीच जीव धरून ठेवलाय. असशील तसा नीघ."

थेट विमानात जागा होती, पण ते पडलं दुसऱ्या कंपनीचं. आयुष्य फिरतीवर काढून थोरल्याने एकाच कंपनीचे पॉइंट मुंगीसारखे साठवले होते, आणि गोल्ड कार्ड टिकवायला नेमकी एक फेरी कमी पडत होती. हातातोंडाशी आलेलं सोडायचं कसं? अर्ध्या दिवसाने काय आभाळ कोसळतंय, म्हणत त्याने वळसा घालून जाणारं आपल्याच कंपनीचं विमान धरलं.

निष्ठेचं फळ लगेच मिळालं. काउंटरवरच्या मुलीने हसून त्याला बिझनेस क्लासमध्ये बसवलं. खुर्चीचा पलंग झाला, अंगावर मऊ पांघरूण आलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

घरी पोचला तेव्हा बाबांच्या पलंगावरची चादरसुद्धा काढून झाली होती. आईने त्याचा हात हातात घेतला.

"सकाळपर्यंत दाराकडे डोळे लावून होते रे. जाताना एवढंच विचारलं…

'उंच आहे गं आपला पोरगा. विमानात पाय लांब करायला जागा मिळाली असेल ना त्याला?'"