ओडीलची दोन दिवसांची सहल

ओडील तिसऱ्यांदा गाड्यापाशी आला, तेव्हा गोडेलीव्हने पिशवी भरायच्या आधी त्याला नीट न्याहाळून घेतलं. गेंटच्या जुन्या गावात, किल्ल्यासमोरच्या चौकात, ती कित्येक वर्षं जांभळी नाकं विकत होती. नाकं म्हणजे इथली गोळी: वरून कडक, आत पातळ पाक आणि आकार थेट माणसाच्या नाकाचा. एका दिवसात तीनदा ती खाणारा माणूस एक तर लहान असतो, नाहीतर काळजीत.

"काय पाहुणे, अजून नाकं? देवाने दिलंय तेवढं पुरत नाही का?"

ओडीलने आपल्या भल्यामोठ्या नाकाला हात लावला आणि कसनुसा हसला. सत्तरीकडे झुकलेला, अंगात समुद्रकाठच्या माणसांचा जाड स्वेटर, डोक्यावर लोकरीची टोपी, काखेत शहराचा नकाशा. नकाशाची घडी अजून मोडली नव्हती.

"सहलीला आलोय ओस्टेंडहून," तो म्हणाला. "दोन दिवस. एकटाच."

"बरं केलंत. काय काय पाहिलंत?"

"किल्ला."

"तो तर इथून दिसतोच. आत गेलात का?"

"उद्या."

"आणि चर्चमधलं ते मोठं चित्र? जगभरातून येतात हो लोक त्याच्यासाठी."

"तेही उद्याच."

"होडीतून फेरी तरी?"

"थंडी आहे," असं म्हणून ओडील मान वर करून चौकातल्या दिव्यांकडे बघत राहिला.

तेव्हा कुठे गोडेलीव्हच्या डोक्यात प्रकाश पडला. या चौकातल्या दिव्यांची एक गंमत आहे. शहरातल्या दवाखान्यात मूल जन्मलं, की आईबाप तिथलं एक बटण दाबतात आणि इथले दिवे हळूहळू मोठे होऊन पुन्हा मंद होतात. गावकऱ्यांना त्याचं आता काही वाटत नाही. फार तर "आलं बघ कुणीतरी" म्हणतात आणि पुढे चालू लागतात.

"मुलगी की सून?" तिने विचारलं.

ओडील चपापला. मग सुटल्यासारखा बोलू लागला. "मुलगी. लिझलोट. सकाळपासून आत आहे. मला तिथे यायला बंदी आहे."

"का हो? भांडण?"

"छे! तिची अक्कलदाढ काढली तेव्हा मी सोबत गेलो होतो. दाढ तिची निघाली आणि चक्कर मला आली. डॉक्टर तिला तशीच सोडून माझ्यामागे. या वेळी म्हणाली, पपा, मला तुला धीर द्यायला वेळ नसेल, तू फिरकूच नकोस, झालं की फोन करते. म्हटलं ठीक आहे, मग मी आपला एकटाच सहलीला जातो. तर म्हणते, जा की, मजा कर."

"कुठे जातोयस, ते नाही विचारलं?"

"नाही. मग आपण तरी कशाला सांगा?"

इतक्यात दिवे मोठे होऊ लागले. ओडीलने टोपी काढून छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने खिशातला फोन बाहेर काढला. दिवे मंद झाले. फोन गप्पच.

"दुसऱ्या कुणाचं तरी असेल," गोडेलीव्ह म्हणाली. "अख्ख्या बेल्जियममध्ये आज तुमची एकटीच लेक बाळंत होतेय का?"

"असू दे. त्याचंही भलं होवो." त्याने टोपी पुन्हा घातली. "एवढा वेळ लागतो का हो? लिझलोटच्या वेळी माझी बायको, नेला, बघता बघता मोकळी झाली होती. आज ती हवी होती. तिला आत घेतलं असतं."

गोडेलीव्हची थट्टा तिथेच थांबली. तिने आपलं स्टूल पुढे सरकवलं, थर्मासमधली कॉफी ओतून त्याच्या हातात दिली. "बसा. पहिलटकरणीला वेळ लागतोच. आमच्या थोरल्याने मला असं छळलंय की विचारू नका. अजून छळतो."

फोन वाजला तेव्हा दिवे मंदच होते. म्हणजे नक्की काहीतरी बिनसलं, या धास्तीने ओडीलच्या बोटांना तो घेताच येईना. शेवटी गोडेलीव्हनेच घेतला आणि तिच्या थंडीने बधिर झालेल्या बोटांनी आवाजही पूर्ण मोठा करून ठेवला.

"पपा," लिझलोटचा थकलेला आवाज चौकभर घुमला. "चौकात आहेस ना?"

"मी? मी तर... सहलीला..."

"माहितीय रे तुझी सहल. मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहोत. नाक तुझ्यावर गेलंय बिचारीचं. आता आधी कुठेतरी बस, पडू नकोस. आणि वर बघ. बटण माझ्या हातात आहे, अजून कुणाला दाबू दिलेलं नाही."

गोडेलीव्हने हात लांब केला आणि गाड्यावरचा आपला दिवा विझवला.

चौकातले दिवे वाढू लागले. किल्ल्याची भिंत उजळली, ओल्या फरशा उजळल्या. ओडील टोपी काढून उभा राहिला होता. बसायचं तो विसरला होता. डोळ्यांत इतकं पाणी साचलं होतं, की त्याला एकही दिवा धड दिसत नव्हता.

"दिसली का?" फोनमधून लिझलोट विचारत होती. "पपा? दिसली का?"

"दिसली गं," तो म्हणाला. "नाकासकट दिसली."