निळी दोरी

फांदीवर निळी दोरी होती, म्हणजे फांदी ओबाताची होती. चिगुसानं हात मागे घेतला.

मग पुन्हा पुढे केला. नुसतं बघायला काय जातंय?

दरीवर झुकलेलं रानटी मेपल. पानं नखाएवढी. आणि ही एकच फांदी अशी वळलेली, की कुंडीत लावली तर शंभर वर्षांचं झाड वाटावं. कुणीतरी तिची साल अंगठीसारखी गोल सोलून गुटी बांधली होती. ओलं शेवाळ, त्यावर प्लास्टिक, त्यावर काळं कापड, आणि सगळ्याभोवती निळीत बुडवलेली ती दोरी. आत मुळं फुटली की खालून करवत चालवायची. फांदीचं झाड होतं.

तिनं कापड उचललं.

मुळं!

शेवयांसारखी, पांढरीशुभ्र, प्लास्टिकला आतून चिकटलेली. चिगुसाच्या छातीत ढोल वाजायला लागले.

शिकोकूच्या या डोंगरांत प्रत्येक बोन्सायच्या बागेचा दोरीचा रंग ठरलेला. ओबाताची निळी. तिच्या वस्तादांची, तामेजींची, पांढरी. दुसऱ्याच्या दोरीला कुणी हात लावत नाही. लावला, तर पुन्हा त्याला डोंगरात कुणी पाऊल टाकू देत नाही.

पण ओबाता! त्यानंच हा अख्खा डोंगर भाड्यानं घेऊन वस्तादांना बाहेर काढलं होतं. वस्ताद त्याचं नावही घेत नसत, नुसतं ‘तो वरचा’ म्हणत. आणि या उन्हाळ्याच्या तोंडाला साकेची बाटली बगलेत मारून त्याच्याच घरी जाऊन आले.

“वरच्याकडे गेला होता, वस्ताद?”

“दात दुखत होता.”

“तो कधीपासून दात काढायला लागला?”

“तू पाइनच्या सुया वेच.”

तिनं ओळखलं. म्हातारा बाग विकायला निघालाय. आणि तिची शागिर्दी तर कधीच संपलेली. आता तिला स्वतःची बाग हवी होती, आणि त्यासाठी एक झाड, लोकांनी नाव काढावं असं. एक.

“मी निघू का आता, वस्ताद?”

“पानं रंगू देत.”

“का?”

“का काय? प्रदर्शन आलंय. माझा गुडघा बघ. ओझं वाहायला तुझ्यासारखं गाढव कुठं मिळणार?”

एकदा तर तिची ओंजळ धरून जेवायच्या काड्यांनी मापली. “कुंडीवाल्याला माप द्यायचंय. प्रदर्शनाचं आहे.” तिच्या हातांचाही फुकट उपयोग चालला होता.

मुळं दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती करवत घेऊन मेपलपाशी उभी.

कानात वस्तादांचा आवाज. पांढरी मुळं म्हणजे दुधाचे दात, पोरी. तपकिरी होईपर्यंत थांबायचं.

थांबायचं? महिनाभर पावसाचा थेंब नाही आणि शेवाळ ओलं. म्हणजे ओबाता पाणी घालायला येतोय. आज ना उद्या करवत घेऊनच येईल!

खर्र. खर्र. खर्र.

फांदी तिच्या कुशीत आली. मग धाव. दगड. धाव. ओढा, बांबूचं बन, धाव. हसू आवरेना. दोरी फेकायची राहिली म्हणून ती अंगरख्याच्या खिशात कोंबली. खोलीमागच्या पडवीत फांदी कुंडीत बसवताना दोनतीन मुळं पटापट तुटली. असू दे. राहिली तेवढी पुरे. “माझं,” ती झाडाला म्हणाली. “माझं, माझं, माझं.”

ओबाताची बोंब काही ऐकू आली नाही. रोज कान टवकारून ती वाट बघत होती. गावात सगळं गप्प.

बागेत वस्ताद सुजलेला गुडघा उशीवर ठेवून कुरकुरत होते. “आता डोंगर चढणं बंद. माझी आळंबी राहिली.”

“पाऊस नाही, आळंबी कुठली? उन्हाळाभर रिकामी टोपली घेऊन आलात.”

“असतात. नशिबात असली तर.”

पडवीतल्या झाडाची पानं कडेनं वळायला लागली. चिगुसा दिवसातून कितीदा तरी त्यांच्यावर पाणी फवारायची. जगेल. जगायलाच हवं.

मग डोंगर लाल झाला.

त्या सकाळी वस्ताद तिच्या दारात. धुतलेले कपडे, काठी, काखेत गाठोडं. “चल.”

“कुठं?”

“वर. ओबाताला सांगून ठेवलंय.”

वस्तादांच्या तोंडून ते नाव! कळलं. सगळं कळलं त्यांना. आता त्या खुंटापाशी तिला उभं करणार आणि ओबातासमोर विचारणार. मागे पडवीत झाड वाळलं होतं, एकही पान जिवंत उरलं नव्हतं.

ओढा. बांबूचं बन. लंगडत का होईना, म्हातारा तिच्या पुढे होता, आणि चक्क गुणगुणत होता.

दरीच्या अलीकडच्या वळणावर वस्ताद धापा टाकत दगडावर बसले आणि त्यांनी गाठोडं सोडलं. आत कुंडी होती, नवी, लंबगोल. तिच्या ओंजळीएवढी.

“ओबातापुढे डोकं जमिनीला टेकवलं मी,” ते म्हणाले. “म्हटलं, एक फांदी दे, माझी पोरगी बाग काढतेय. तयार झाला. पण त्याची अट काय, तर म्हणाला, डोंगर माझा तर दोरीही माझीच. घे म्हटलं! उन्हाळाभर पाणी वाहिलं या गुडघ्यांनी. आणि तू म्हणे, आळंबी कुठली!” डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. “मुळं आता पक्की तपकिरी झाली असतील. ऊठ, या वळणापलीकडेच आहे. मी हात लावणार नाही हं. दोरी तूच सोडायची.”

दोरी चिगुसाच्या खिशात होती.