वज्रदेशाचा अत्याधुनिक रणगाडा

प्रतापसिंहरावांच्या पणजोबांनी बडोद्याच्या फौजेत तलवार गाजवली होती; त्यांचं स्वतःचं आयुष्य मात्र बँकेत गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी वज्रदेश नावाचा देश मनानेच वसवला आणि त्याचं सैन्य पुठ्ठ्यातून उभं केलं, दगडी भाल्यांपासून रणगाड्यांपर्यंत. दिवाळीच्या तोंडावर बडोद्यातल्या सयाजीगंजात या सैन्याचं प्रदर्शन भरलं. अत्याधुनिक रणगाड्याभोवती गर्दी जमली असताना पत्नी कौशल्याबाई पिठाच्या हातांनीच धडकल्या. “अहो, भाजणी भिजवून बसलेय! माझा चकलीचा सोऱ्या कुठाय?” रणगाड्याची पितळी तोफ ओळखून बायका हसल्या. कानापर्यंत लाल झालेले प्रतापसिंहराव तोफ उपसू लागले. या तोफेतून काय निघतं, असं एका मुलीने गुजरातीत विचारलं, “काका, आ तोपमांथी शुं नीकळे?” कौशल्याबाईंनी नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिला. “चकली!” त्या म्हणाल्या. “राहू द्या, शेजारचा आणते.” संध्याकाळी रणगाड्यापुढे चकल्यांचं ताट होतं आणि नवी पाटी: ‘अस्त्र: चकली. शत्रू खात बसलाय, अजून परत गेलेला नाही.’