हरवलेली हाक

"कल्याण, तुझं मशीन झोपेतून उठतंय, पण उठून नुसतं बसून राह्यलंय," आकांक्षा म्हणाली.

भोकरदनच्या घरात, पुढच्या खोलीत बसून हे नवरा-बायको एकाच कंपनीचं काम करत. एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालवायचा, हवा तेव्हा जसाच्या तसा जपून ठेवायचा आणि पुन्हा तिथूनच उठवायचा, असा तो प्रकार. त्यातला इंटरप्ट कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डच्या, डिस्कच्या हाका प्रोसेसरपर्यंत पोचवणारा भाग, कल्याणनं लिहिला होता. तो कसा जपायचा, कसा परत आणायचा, याची माहिती आकांक्षा लिहीत होती. करून पाहिल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे.

"डिस्कनं हाक दिलेली. प्रोसेसरनं ऐकायच्या आधीच आपण सगळं जपून ठेवलं. पण ती हाक तू जपलीच न्हाईस. आता प्रोसेसर वाट पाहत बसलाय, अन् डिस्क काही पुन्हा बोलत न्हाई."

"असं एखाद्या वेळेसच होतं. आज काम द्यायचंय. तेवढं सोडून लिही."

"न्हाई लिहिणार. कुणीतरी माझ्या शब्दावर भरवसा ठेवून बिनधास्त मशीन बंद करील. त्याचं काम बुडालं मंग?"

"मंग तूच सांग मॅनेजरला!" खुर्ची मागं ढकलून कल्याण ओसरीवर आला.

तिथं त्याची आई, साळूबाई, तुरीच्या शेंगा सोलत होती. वर न पाहताच ती म्हणाली, "मी सारखी हाका मारते, त्यावरून चाललंय का रे तुमचं? आता न्हाई मारणार."

कल्याणला हसू आलं. तो तिच्याजवळ बसला. पाटीतल्या मूठभर शेंगा घेतल्या.

"तुझं न्हाई, आई. मशीनचं हाय. चूक माझी, अन् वरडलो तिच्यावर."

"मंग मला कशाला सांगतो? तिला सांग की."

"अहो, ऐकलं मी," दारातून आकांक्षा म्हणाली. सासूसमोर ती त्याला अहोच म्हणायची. "मॅनेजरला फोन केला. कुरकुरले, पण वेळ वाढवून दिला. चला."

दुपारभर दोघं एकाच स्क्रीनसमोर होते. ताटकळलेल्या हाकाही जपायच्या, आणि उठवताना त्या आधी जागेवर ठेवून मगच प्रोसेसर सुरू करायचा. शेवटी मशीन उठलं आणि अर्धवट राहिलेली फाइल बरोबर पूर्ण झाली. तेव्हा कुठं आकांक्षानं, मशीन बिनधास्त बंद करता येतं, ही ओळ लिहिली.

दुरुस्ती पाठवताना, चूक कुणी शोधली त्याचं नाव खाली द्यायची रीत आहे. कल्याणनं तिचं पूर्ण नाव टाइप केलं, माहेरच्या आडनावासकट. तिनं त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"बायको म्हणून काहीच न्हाई?"

"त्याला इथं रकाना न्हाई," तो म्हणाला, आणि सरकून खुर्चीत तिला अर्धी जागा करून दिली.